नॉबमागची हळद

डाग पिवळा होता, वाटाण्याएवढा, एका जुन्या हॅम (हौशी बिनतारी) रेडिओ सेटच्या तोंडावर, डिस्प्लेच्या काचेच्या खालच्या बाजूला आणि ट्यूनिंगच्या मोठ्या नॉबच्या जरासा वर. मधोमध कुंकवाचा ठिपका, तोही वाळून विटकरी पडलेला. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकले, कापसाचा बोळा पिळून त्यावर टेकवला आणि पिवळा डाग बघता बघता लाल झाला. पांढऱ्या सदऱ्यावर रस्सा सांडलेल्या कुठल्याही घराला यात नवीन काही नाही, आणि कोल्हापुरात तर नाहीच. हळदीला साबण, सोडा, चुना लागला की ती लाल होते. कुंकू बनतं तेही हळदीच्या याच गुणावर. पण राखाडी प्लास्टिकवर, बारीक पांढऱ्या इंग्रजी अक्षरांच्या शेजारी ते लाल उमटलेलं पाहिलं आणि हात थांबला. साध्या पाण्याचा बोळा फिरवला तसं ते पुन्हा पिवळं झालं. डाग होता तिथंच होता. आपण काय पुसायला निघालो होतो, ते मात्र एकदा ढळढळीत दिसून गेलं.

सेट ऐंशीच्या दशकातला, जपानी, १०० वॉटचा एचएफ ट्रान्सीव्हर, म्हणजे शॉर्टवेव्हवर ऐकायचा आणि बोलायचाही रेडिओ. शाहूपुरीतल्या एका घरात पस्तीसेक वर्षं खिडकीजवळच्या टेबलावर बसलेला. आजोबा गेले. पुढे नातवाने हॅम परवान्याची परीक्षा दिली, त्याला व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं ओळखनाव, मिळाला आणि त्याने सेटवरचं फडकं काढलं. तक्रार एकच: नॉब उजवीकडे फिरवला की आकडे कधी पुढे जातात, कधी तिथल्या तिथे थरथरतात, कधी चक्क मागे येतात. सेट माझ्या टेबलावर ठेवताना तो म्हणाला, "काका, चालू तर झाला पायजे. पण आज्ज्याच्या सेटचा तोंडवळा तेवढा बदलू नका." आजोबा दर खंडेनवमीला त्याची पूजा करायचे. वर झेंडूचं फूल, समोर हळदकुंकू. आपल्याकडे लेथला, तराजूला, शिलाई मशीनला जे मिळतं तेच.

तोंडवळा हा शब्द काही डोक्यातून गेला नाही.

फ्रंट पॅनल हा खरोखरच सेटचा तोंडवळा. आतली बोर्डं, मागचं हीट सिंक, पॉवर अॅम्प्लिफायर यांना माणसाचा हात वर्षानुवर्षं लागत नाही. हात लागतो तो एवढ्या दीड वीत रुंदीच्या पट्टीला. त्यामुळे मळही इथेच, आणि त्या मळात घर सापडतं. उद्यमनगराच्या किंवा शिरोलीच्या बाजूचा सेट असेल तर काळपट, जड, बोटाला चमकणारी धूळ निघते. फाउंड्रीतली ही लोखंडी पूड स्पीकरच्या चुंबकाला मिशांसारखी चिकटलेली असते. ऊसपट्ट्यातल्या सेटात गुऱ्हाळाची हलकी, पापुद्र्यासारखी राख, चिपाडं जळताना उडालेली. स्वयंपाकघराला लागून खोली असेल तर फोडणीच्या तेलाची वाफ पॅनलवर बसून बसून वॉर्निशासारखी घट्ट होते आणि पुढची सगळी धूळ धरून ठेवते. देवघर जवळ असेल तर उदबत्तीची आणि कापराची काजळी. गगनबावड्याकडचा सेट पावसाळ्यानंतर उघडावा तर रबराच्या बटणांवर पांढरी बुरशी आणि स्क्रूंच्या डोक्यांवर गंज. शाहूपुरीतल्या या सेटात यातलं थोडं थोडं सगळंच होतं, वर हळदकुंकू.

पुरात सापडलेल्या सेटाची गोष्ट मात्र वेगळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तिथे ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, एवढं इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. हा सेट वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला. ज्यांचे भिजले त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की चालू होतो का बघायला बटण दाबू नका. आतली बॅटरी काढा (तिच्यातला धोका पुढे सांगितलाय, तो आधी वाचा), गाळ वाळायच्या आत स्वच्छ पाण्याने धुऊन काढा, शेवटचं पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर असू द्या, आणि पंख्याखाली निदान आठवडाभर वाळू द्या. तांदळाच्या डब्यात ठेवून काही साधत नाही. पंचगंगेचा गाळ एकदा बटणांच्या आतल्या पत्रीखाली वाळला की ती बटणं बदलावीच लागतात.

आता उघडायचं. सप्लायची वायर, अँटेना, माइक, सगळं काढून सेट मऊ टॉवेलवर. हा सेट पूर्ण ट्रान्झिस्टरचा, १३.८ व्होल्टवर चालणारा, त्यामुळे शॉकची भीती नव्हती. पण हाताखाली केनवुड टीएस-५२० किंवा येसू एफटी-१०१ यांसारखा व्हॉल्व्हचा जुना सेट असेल तर आत ६०० व्होल्ट आणि त्याच्याही वर दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो मोठ्या कपॅसिटरांत राहतो. थांबायचं, रेझिस्टर लावलेल्या वायरने कपॅसिटरमधला दाब उतरवायचा, मीटरने शून्य बघायचं आणि मगच बोट घालायचं. दुसरी गोष्ट आतल्या तीन व्होल्टच्या लिथियम बॅटरीची. बहुतेक सेटांत ती गेली तर फक्त मेमरी पुसली जाते. काही जुन्या सेटांत मात्र प्रोसेसरचा प्रोग्रॅमच त्या बॅटरीच्या जिवावर रॅममध्ये असतो. ती क्षणभर सुटली तरी सेट मुका होतो. म्हणून कुठलाही कनेक्टर उपसण्याआधी बॅटरी कुठे आहे आणि तिच्या वायरी कुठून जातात हे शोधून ठेवायचं. मोबाइलवर फोटो काढायचेच, पण प्रत्येक टप्प्याला, दोन बाजूंनी आणि कनेक्टरवरचे आकडे वाचता येतील इतक्या जवळून. लांबून काढलेला एक फोटो जोडणीच्या वेळी काहीच सांगत नाही.

नॉब काढणं हा सगळ्यात साधा दिसणारा आणि सगळ्यात जास्त पॅनलं बिघडवणारा भाग. लहान नॉब नुसते दाबून बसवलेले असतात. इंग्रजी डी च्या आकाराच्या दांड्यावर आत एक पितळी पत्री त्यांना धरते. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटला की नॉब निघतो आणि प्लास्टिकवर अर्धचंद्र कायमचा राहतो. जुन्या सेटांवर असे अर्धचंद्र इतक्यांदा दिसतात की वाईट वाटतं. त्यापेक्षा पापाच्या तिकटीला चपलांच्या दुकानात कातड्याची बारीक वादी मिळते ती घ्यावी. नॉबच्या मागून एक वेढा, दोन्ही टोकं एका हातात, आणि सरळ आपल्याकडे ओढायचं. वादी मऊ असते, ओरखडा उठत नाही, आणि दोन्ही बाजूंनी सारखा जोर लागतो. अडलाच तर हेअर ड्रायरची कोमट हवा मिनिटभर. एकात एक बसवलेले दुहेरी नॉब असतील तर आधी आतला ओढून काढायचा. बाहेरच्याला कडेला बारीक स्क्रू आहे का ते बॅटरीच्या उजेडात बघायचं. ट्यूनिंगचा मोठा नॉब अॅलन स्क्रूने धरलेला असतो, दीड किंवा दोन मिलिमीटरच्या. काही नॉबांत तो रबरी कड्याखाली लपलेला असतो, कडं थोडं सरकवलं की भोक दिसतं. अॅलन की झिजलेली असेल तर लावूच नये. त्या स्क्रूचे कोपरे एकदा गेले की नॉब ड्रिल करण्यावाचून गत नाही.

मोठा नॉब निघाला आणि त्याच्या मागे सगळं सापडलं. दांड्याभोवतीचं फेल्टचं कडं मूळचं राखाडी असावं, आता ते शेंदरी होतं. पॅनलच्या खोबणीत कुंकवाची कड जमलेली, पावसाळी हवेने ओल धरून घट्ट झालेली. तीस-पस्तीस दसऱ्यांचं कुंकू समोरच्या टिळ्यातून थोडं थोडं गळून इथे उतरत गेलं होतं.

स्क्रूंबद्दल एक सांगायलाच हवं, कारण इथे चांगल्या चांगल्या कारागिरांचा हात चुकतो. जपानी सेटांतले बरेचसे स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्ससारखेच दिसतात, पण खाच जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) पद्धतीची असते. फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत बसत नाही. जोर लावला की वर चढतं आणि खाच खाऊन टाकतं. बऱ्याच जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर सुईने टोचल्यासारखा एक ठिपका असतो, ती त्यांची खूण. जेआयएसचा ड्रायव्हर घ्यावा, तीन मिलिमीटरच्या स्क्रूला दोन नंबरचा आणि त्याहून बारीक असेल तर एक नंबरचा. जोर फिरवण्यात कमी आणि दाबण्यात जास्त ठेवायचा. निघालेले स्क्रू ठेवायला आप्पेपात्रासारखं दुसरं काही नाही. एका खळग्यात एक टप्पा: वरचं झाकण, खालचं झाकण, डावी बाजू, उजवी बाजू, डिस्प्लेचं बोर्ड. स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबीत दोन मिलिमीटरचा फरक असतो, आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो समोरच्या प्लास्टिकवर आतून टेंगूळ आणतो.

वरचं झाकण उचलताना सावकाश, कारण बऱ्याच सेटांत स्पीकर झाकणालाच असतो आणि त्याची वायर आखूड असते. पुढे पॅनलच्या दोन्ही कडांना दोन-दोन स्क्रू. वरचे काढायचे, खालचे नुसते ढिले करायचे. पॅनल बिजागरीच्या दारासारखं पुढे झुकतं. बऱ्याच कामांना एवढंच पुरतं. पूर्ण वेगळं करायचं असेल तर माइकच्या आणि हेडफोनच्या सॉकेटचे नट, पॉटचे, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरांचे, नट, मग कनेक्टर. पॉटच्या नटाला पक्कड लावू नये, १० मिलिमीटरचा बॉक्स पाना बहुतेकांना बसतो. कनेक्टर वायरीला धरून ओढायचा नाही, दोन्ही बाजूंनी नखाने हलवत सोडवायचा. चपट्या रिबन केबलला आधी बघायचं की सॉकेटवर सरकती कडी आहे का. असली तर ती मिलिमीटरभर वर उचलली की केबल आपोआप मोकळी होते. नसली तर केबल सरळ रेषेत ओढायची. चाळीस वर्षांच्या प्लास्टिकला लवचिकपणा उरलेला नसतो. कडी एका बाजूने उचलली तर तुटते, आणि तसली कडी आता कुठे मिळत नाही.

आता आकडे मागे का जातात ते. या सेटांतला ट्यूनिंगचा दांडा काही फिरत्या कपॅसिटरला जोडलेला नसतो. त्याच्या टोकाला बारीक चिरा पाडलेली एक तबकडी असते. तबकडीच्या एका बाजूला प्रकाश देणारा डायोड, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारे दोन डोळे. तबकडी फिरली की प्रकाश चिरांतून लपकतो, आणि दोन डोळे अशा अंतराने बसवलेले असतात की एकाला तो दुसऱ्याच्या आधी दिसतो, एका चिरेपासून पुढच्या चिरेपर्यंतच्या अंतराच्या पाव भागाने. कोणाला आधी दिसला यावरून प्रोसेसर ठरवतो की नॉब उजवीकडे गेला की डावीकडे. एक डोळा धुळीने मंद झाला की हा क्रमच बिघडतो. पाऊल पुढचं की मागचं हे प्रोसेसरला कळेनासं होतं, मग आकडे थरथरतात नाहीतर उलटे चालतात. मागचं झाकण काढल्यावर भिंगातून पाहिलं तर एका डोळ्याच्या तोंडावर तांबूस पूड बसलेली. दांड्याच्या बुशातून, जुन्या ग्रीसला धरून, ती इथवर आली होती.

या तबकडीवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारणं हा सर्वांत मोठा घात. चिरा पुष्कळदा पातळ फिल्मवर छापलेल्या असतात. फवाऱ्यातलं द्रावण त्यांना पुसट करतं आणि त्यातलं तेल सगळीकडे धुकं धरतं. आधी रबरी फुग्याच्या ब्लोअरने चार फुंका. तोंडाने नाही, तोंडाच्या फुंकेत ओल असते. मग मऊ कोरडा ब्रश. एवढ्याने न निघालेल्या पुडीसाठी कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, काडी कागदावर टिपून जवळजवळ कोरडी करायची आणि फक्त डोळ्याच्या तोंडावरून एकदाच फिरवायची. या तबकडी-डोळ्यांच्या जोडणीला एन्कोडर म्हणतात; त्याच्या बोर्डावर बारीक प्रीसेट (ड्रायव्हरने फिरवायचे छोटे पॉट) असतील तर त्यांना हात लावायचा नाही. दोन डोळ्यांचा समतोल कारखान्यात त्यांच्यावरच साधलेला असतो. दांड्याचं जुनं ग्रीस अल्कोहोलने पुसून प्लास्टिकला चालणारं सिलिकोन ग्रीस टाचणीच्या डोक्याएवढं. जास्त झालं तर तेच पुढच्या धुळीला वाट करून देतं. आणि अल्कोहोल म्हणजे ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल. २०२० पासून कपाटात पडलेलं सॅनिटायझर लोक वापरतात, ते वापरू नये. त्यात ग्लिसरिन असतं, ते वाळत नाही आणि चिकट थर मागे ठेवतं.

नव्या सेटांतल्या टकटक करत फिरणाऱ्या लहान नॉबांची तक्रार वरून अशीच दिसते, पण आत डोळे नसतात, धातूच्या पत्र्या घासत असतात. तिथे क्लीनरचा एक थेंब आणि वीस-तीस फेरे, एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. दुखणं एक, औषध उलट. म्हणून आत नक्की काय आहे ते बघितल्याशिवाय बाटली हातात घेऊ नये.

आवाजाचा पॉट खरखरत होता. कार्बनच्या पट्टीवरून सरकणारी पत्री जिथे काळी पडते तिथे संपर्क तुटतो आणि कानात वाळू चावल्यासारखा आवाज येतो. पॉटच्या पायांजवळ जी फट असते तिथून, वंगण असलेल्या कॉन्टॅक्ट क्लीनरचा अगदी लहान फवारा द्यायचा आणि दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत तीसेक वेळा फिरवायचा. दांड्याच्या बाजूने मारला तर तिथलं जाड ग्रीस धुऊन जातं आणि नॉब फिरताना जो मऊ, भारदस्त अडसर लागतो तो कायमचा जातो. चालू तर राहतो, पण हाताला हलका लागतो. बिजागऱ्यांना मारायचा गंज सोडवणारा स्प्रे इथे अजिबात नको. चार दिवस बरं वाटतं आणि मग राहिलेलं तेल धूळ धरतं. साफ केल्यावर आठवड्यात खरखर परत आली, तर दोष पॉटचा नसून बहुधा त्याच्या आधीच्या कपॅसिटरचा असतो. तो गळू लागला की पॉटवर डीसी दाब येतो आणि स्वच्छ पट्टीसुद्धा खरखरते. तिथे कपॅसिटर बदलायचा, पॉट नव्हे.

जुन्या फिरत्या स्विचांना चांदीचा मुलामा असतो. तो काळवंडतो, हुपरीच्या पैंजणांसारखाच, आणि कारणही तेच, हवेतलं गंधक. हुपरीचा कारागीर चांदीला सँडपेपर लावत नाही. इथेही लावायचा नाही, मुलामा केसाहून पातळ असतो. क्लीनरमध्ये भिजवलेली साध्या कागदाची पट्टी संपर्कातून दोन-तीनदा ओढली की काळं कागदावर येतं.

बटणांची दोन कुळं. दाबल्यावर टक वाजणारं सहा बाय सहा मिलिमीटरचं स्विच असेल आणि दोनदा दाबल्यावर एकदा लागत असेल तर साफसफाईत वेळ घालवू नये, बदलावं. दोन-चार रुपयांची वस्तू आहे. फक्त दांडीची उंची मोजून घ्यावी. अर्ध्या मिलिमीटरने जास्त झाली तर वरचं बटण सतत दाबलेलं राहतं. रबराच्या चटईखाली काळ्या कार्बनच्या टिकल्या असतील तर त्या अल्कोहोलच्या काडीने अलगद टिपायच्या. घासल्या तर कार्बनच निघून येतो. समोरच्या बोर्डावरच्या जागा पांढऱ्या खोडरबराने एकदा पुसल्या तरी चालतं, पण त्याचा चुरा ब्रशने झाडून काढायला विसरायचं नाही.

बटणं बाहेर काढून ओळीने ठेवली की त्या माणसाच्या सवयी समोर येतात. एलएसबीच्या (लोअर साइडबँड, आवाज पाठवायच्या दोन पद्धतींपैकी एक) बटणावरची अक्षरं पूर्ण गेली होती, कडा गुळगुळीत. म्हणजे आयुष्य ४० मीटरच्या, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या, पट्ट्यावर गेलं. १० मेगाहर्ट्झच्या खाली बोलायचं ते एलएसबीवर, असा हॅम लोकांचा संकेत आहे. यूएसबीचं, म्हणजे अपर साइडबँडचं, बटण अर्धं झिजलेलं. एफएमचं कारखान्यातून आल्यासारखं कोरं. माइक गेनच्या (माइकचा जोर ठरवणाऱ्या) नॉबशेजारी पॅनलवर नखपॉलिशचा लाल ठिपका होता, बहुधा घरातल्याच बाटलीतला, आणि नॉबची रेघ बरोबर त्याच्यासमोर. नॉबखालची धूळ सांगत होती की ती रेघ तिथून हललीच नव्हती. थिनरचा एक हात आणि हा ठिपका गेला असता. त्याच्याबरोबर पॅनलही गेलं असतं, थिनर, पेट्रोल, अॅसिटोन हे असल्या प्लास्टिकचे वैरी. ठिपका राहू दिला. एलएसबीच्या बटणावर नवं स्टिकर लावता येतं, तेही लावलं नाही. बोटाने झिजवलेली अक्षरं परत छापायचं माझ्या तरी मनाला पटत नाही. दुसरा कोणी ती छापील, आणि तोही चूक नसेल.

उघडं प्लास्टिक मात्र धुतलं, मनापासून. सगळे पार्ट काढलेलं नुसतं पॅनल कोमट पाण्यात, साबणाचे थोडे थेंब, मऊ दाढीचा ब्रश. रिठ्याचं पाणीही चांगलं, अक्षरांना जपतं. तेलाचा चिवट थर निघायला पंधरा मिनिटं भिजवावं लागतं, घासायला लागत नाही. पाणी चहासारखं झालं. नॉबच्या खाचांतला मळ बांबूच्या टोकदार काडीने काढायचा, सुईने नव्हे. चिकट झालेलं रबरी कडं साबणाने धुऊन, वाळवून, अल्कोहोलच्या फडक्याने एकदा. डिस्प्लेची काच म्हणतो ती काच नसते, बहुधा अॅक्रिलिक असतं, आणि त्याला अल्कोहोल लागलं तर आतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उठतात, कधी लगेच, कधी दोन दिवसांनी. तिला फक्त साबण-पाणी आणि मऊ सुती कापड. बारीक ओरखडे प्लास्टिकच्या पॉलिशने निघतात. खोल असतील ते तसेच ठेवावेत, त्यांच्यामागे लागून लागून खिडकी ढगाळ होते.

आतले दिवे काळे पडले होते, एक तर गेलेलाच. एलईडी लावायचा तर हिशेब सोपा आहे. १३.८ मधून एलईडीचे ३.२ व्होल्ट वजा केले की १०.६ उरतात, दहा मिलिअँपिअर हवेत, म्हणजे एक किलो ओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर. प्रश्न रंगाचा. बाजारात सहज मिळणारा पांढरा एलईडी निळसर असतो आणि तो लावला की जुना सेट अनोळखी दिसू लागतो. लक्ष्मीपुरीत विचारलं तर वॉर्म व्हाइट मिळतो. मूळच्या दिव्याच्या पिवळ्या उजेडाशी तो जवळजवळ जुळतो.

राहिला तो टिळा. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो; पण विरघळून तो पॅनलच्या खरखरीत पोतात आणखी पसरतो, आणि वाटाण्याएवढ्या गडद डागाच्या जागी रुपयाएवढा फिका डाग होतो. खरा उपाय ऊन. हळद उन्हाला टिकत नाही, वाळवणाच्या दोरीवरचे डाग दोन दिवसांत उडतात ते त्यामुळेच. पण त्याच उन्हात जुनं प्लास्टिक स्वतः पिवळं पडतं. दिवस श्रावणाचे, ऊन अर्धा तास यायचं आणि सर यायची. पॅनल खिडकीत ठेवता आलं असतं, बाकीच्या भागावर कागद चिकटवून, डागापुरतं भोक ठेवून. कागद कापलाही होता. मग तो बाजूला ठेवला. एन्कोडरमधलं कुंकू सेटला आजारी पाडत होतं, ते काढायलाच हवं होतं. पॅनलवरचा हा टिळा कोणाच्या वाटेत नव्हता. नातवाला एवढं जरूर सांगितलं की पुढच्या खंडेनवमीला कोरडं कुंकू समोर नको. ओलं गंध, वरच्या झाकणाच्या कोपऱ्यात, जाळीपासून लांब.

जोडणी उलट्या क्रमाने, आप्पेपात्राच्या शेवटच्या खळग्यापासून. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू आधी उलटा फिरवायचा. जुन्या आट्याच्या तोंडाशी आला की बोटाला किंचित खट्ट जाणवतं, तिथून सुलटा. असं न करता दाबला तर तो नवे आटे पाडतो आणि दोन-तीन वेळांनी पकडच राहत नाही. रिबन केबल तिरकी गेली नाही ना, हे तिच्या टोकावरच्या सोनेरी रेघेने बघायचं. ती सॉकेटच्या तोंडाशी समांतर दिसली पाहिजे. मोठा नॉब अजून लावायचा नाही. सप्लायच्या वायरीतला २० अँपिअरचा फ्यूज काढून तीनचा घातला. असला सेट नुसता ऐकताना दीड-दोन अँपिअर घेतो, त्यामुळे तीन पुरतो, आणि कुठे वायर चेपली असेल तर फ्यूजच जातो. अँटेनाच्या जागी आधी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाचं सोंग घेणारा रेझिस्टर. दिवे लागले, जुन्या पिवळ्याच्या जवळचे. मग अँटेना.

उघडा दांडा दोन बोटांत धरून ४० मीटरवर उजवीकडे फिरवला. ७.०५०, ७.०५१, ७.०५२. डावीकडे, तेच आकडे उलटे. झटकन, सावकाश, थांबत, कुठेही अडखळलं नाही. सकाळच्या नेटवर, म्हणजे हॅम लोकांच्या ठरल्या वेळच्या हवेवरच्या बैठकीत, कोणीतरी पावसाची खबर देत होतं, दुसरं कोणी सिग्नल रिपोर्ट. शेवटी ७३, म्हणजे हॅम भाषेत शुभेच्छा.

फेल्टचं कडं धुऊन वाळवलं होतं, रंग अजून अबोलीसारखा, पण मऊ. ते बसवलं, त्यावर नॉब. नॉब पॅनलला घासू नये आणि फार पुढेही येऊ नये म्हणून अॅलन स्क्रू आवळताना मागे पोस्टकार्ड धरायची पद्धत आहे. कार्डाच्या जाडीएवढी फट राहते. स्क्रू बोटाच्या जोराने आवळला आणि कार्ड ओढून काढलं. त्याच्या कडेला केसाएवढी लाल रेघ होती. नॉब पुन्हा काढला नाही.